दिवा वाढव

रॉकेलचा वास आला की गुलबर्ग्याचं ते हॉटेल आठवतं. जेवताना पियानो ऐकवतात म्हणून आत्या मला हौसेनं घेऊन गेली होती. मधेच लाइट गेली, तेव्हा पियानोवर काचेचा दिवा आणून ठेवला. वादक डोळे मिटून वाजवतच राहिला. मागचा पडदा वाऱ्यानं दिव्याकडं झुकायचा. लाइट आली तशी आत्या कानडी वाढप्याला म्हणाली, "अण्णा, दिवा वाढव की आता." विझव म्हणणं अशुभ, म्हणून आमच्यात वाढव म्हणायचे. "हूं अक्का," म्हणत त्यानं वात वर केली. काच तडकली, पडदा पेटला, मग वादकाची बाही. "विझव! विझव रे!" आत्या किंचाळायली. आमच्या घरात आता दिवा सरळ विझवतात.