पेरूच्या बागेत फ्रान्स

फ्रान्सवर जीव टाकणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण फ्रान्सला एकदाही न जाता, तिथली भाषा चार शब्दांपलीकडे न शिकता आणि पुणतांब्याच्या आपल्या पेरूच्या बागेतून फारसं बाहेर न पडता अंतर्बाह्य फ्रेंच झालेला माणूस जगात एकच, आणि तो म्हणजे आमच्या हिचा मामा. लग्न ठरलं तेव्हा हिने मला हळूच सांगून ठेवलं होतं की मामा जरा वेगळे आहेत. मला वाटलं, वेगळे म्हणजे तापट असतील, नाहीतर नाटकाबिटकाचा नाद असेल. पहिल्या भेटीत मामांनी मला दारातच कमरेत वाकून "बोंजूर, जावईबापू" केलं आणि मी गडबडून "रामराम" म्हणालो. तेव्हापासून आमचं जे जमलं ते जमलंच.

मामांचं हे बोंजूर काही पाहुण्यांपुरतं नाही. सकाळी डेअरीवर दूध घालायला गेले की बोंजूर, एसटीत चढले की कंडक्टरला बोंजूर, दहाव्याला गेले तरी बोंजूरच, फक्त जरा खालच्या आवाजात. सुरुवातीला गाव हसलं, मग गावाला सवय झाली, आणि आता तर तिथल्या म्हाताऱ्यासुद्धा पदर सावरत "बोंजूर रं बाबा" म्हणून पुढे होतात. फ्रेंच लोक एकमेकांच्या गालाला गाल लावून भेटतात हे कळल्यावर मामांनी तो प्रयोग कोपरगावच्या स्टँडवर भर गर्दीत स्वतःच्या साडूवर केला. ते साडू अजून मामांशी बोलतात, पण चार हात लांब उभे राहून. कोपरगावातल्या एका बेकरीवाल्याच्या मागे लागून त्यांनी हातभर लांबीचा पाव भाजून घेतला होता. तो स्कूटरला आडवा बांधून घरी येईपर्यंत वाटेतली सगळी कुत्री वरातीसारखी मागे लागली होती.

खरी गंमत मामांच्या जेवणाची. एका वेळी पानात एकच पदार्थ. आधी उपरणं गळ्याशी खोचायचं, मग वाटीत नुसती आमटी, ती चमच्याने. ती संपली की जरा गप्पा. मग नुसती भाजी. मग पुन्हा गप्पा, आणि या वेळी विषय बदलायचा. भाकरीचा नंबर लागेपर्यंत आमच्यासारख्या माणसांची वामकुक्षी आटोपलेली असते. मामी बिचाऱ्या तव्याजवळ ताटकळत बसतात. "जावईबापू, भाकरी निवती, चूल विझती, पर ह्यांचं जेवान काही सरत न्हाई," असं त्या मला दर भेटीत ऐकवतात आणि पुन्हा तवा तापवतात.

हे सगळं आलं कुठून, तर साखर कारखान्यातून. मामा कारखान्यात फिटर होते. एका वर्षी तिथे नवीन यंत्र बसवायचं होतं आणि त्यासाठी फ्रान्सहून एक वयस्कर इंजिनिअर आला. त्याला मराठी येत नव्हतं, मामांना फ्रेंच येत नव्हतं आणि इंग्रजी दोघांचंही बेताचं, त्यामुळे दोघांची दाट मैत्री झाली. पाना आणि हातवारे यांवर सगळा कारभार चाले. रविवारी साहेब मामांच्या घरी जेवायला यायचा. एकदा त्याने खिशातून स्वतःच्या मुलीच्या लग्नाचा फोटो काढला. झाडांखाली मांडलेलं लांबच लांब टेबल, दोन्ही बाजूंना माणसं, टेबलाच्या मधोमध लहान गोळ्यांचा एक उंच मनोरा, त्यामागे नवरी आणि तिच्याशेजारी साहेब, गळ्यात रुमाल, तोंडात घास आणि खदखदून हसतोय. मामा त्या फोटोकडे बघतच राहिले. मुलीचा बाप जेवत होता. बसून, आणि मुलीच्या शेजारी.

आपल्याकडे मुलीच्या बापाने लग्नात बसून जेवू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण जेवत कोणी नाही हे खरं. तो हात जोडून पंगतीतून फिरतो, 'सावकाश होऊ द्या' म्हणतो, कोणाचं पान रिकामं आहे आणि कोणाचं तोंड फुगलंय ते बघतो, आणि त्याच्या पानात काही पडेपर्यंत मुलगी गाडीत बसून गेलेली असते. मामांच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं लग्न झालं तेव्हा मामा लहान होते. पाठवणी झाल्यावर त्यांचे वडील ओट्यावर एकटेच बसून गार बुंदी चिवडत होते, त्या लग्नातलं मामांना तेवढंच आठवतं. साहेबाने फोटो दाखवला त्या वेळी मामांची सायली पाळण्यात होती. त्याच दिवशी मामांनी ठरवून टाकलं की पोरीचं लग्न फ्रेंच पद्धतीने करायचं आणि तिच्याशेजारी बसून पोटभर जेवायचं. बाकीचा फ्रान्स त्यांच्या अंगात नंतर सावकाश भिनला.

सायली शिकली, पुण्यात नोकरीला लागली, आणि गेल्या वर्षी तिचं संगमनेरच्या एका मुलाशी जमलं. मामांनी तारीख निघायच्या आधी मला बोलावून घेतलं. जावयाला मान असतो असं मी ऐकून होतो. मला बागेत मोजमापाची टेप धरून उभं केलं. मी सायलीला बाजूला घेऊन विचारलं, तुला हे फ्रेंच प्रकरण चालणार आहे का गं. ती म्हणाली, "दाजी, बाबा बसून जेवणार असतील तर म्हणतील त्या देशाचं लग्न करीन मी." मी जाऊन पुन्हा टेप धरली.

पहिल्यांदा आले कोपरगावचे मंडपवाले अन्वरभाई. उरूस असो, सभा असो की बारसं, आमच्या त्या भागात गुलाबी-पिवळ्या झालरींची कमान दिसली की ती अन्वरभाईंची हे समजायचं. मामांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं की मंडप नकोय, वर नुसतं आभाळ पाहिजे. अन्वरभाईंनी कप खाली ठेवला. हलवायाला घरी बोलावून साखर वर्ज्य आहे म्हणून सांगावं तसा त्यांचा चेहरा झाला. मग मामांनी पेरूच्या दोन रांगांमधून जाणारं लांब टेबल सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे जरा चमकले. गाडी अडली ती टेबलावरच्या कापडाशी. मामांना पांढरं हवं, आणि शुभकार्यात पांढरं अंथरलं तर मी माहेरी निघून जाईन असं मामींनी सांगून टाकलं. दोन दिवसांनी अन्वरभाई पांढऱ्या कापडाचा एक तुकडा हळदीच्या पाण्यातून काढून, वाळवून घेऊन आले. दुधावरच्या सायीचा रंग आला होता. मामा म्हणाले, अगदी फ्रेंच. मामी म्हणाल्या, हळद लागली ना, मग बास.

दुसरे भागवत आचारी. त्यांची सगळी ख्याती वेगाची. त्यांच्या हाताखाली पंगत बसते कधी आणि उठते कधी, जेवणाऱ्यालाही नीट कळत नाही. त्यांना मामा म्हणाले की एकेक पदार्थ वाढायचा, आणि जेवण चांगलं दोन तास चाललं पाहिजे. "दोन तासांत म्या आख्खा तालुका जेवू घालतो, फिटरमामा," भागवत म्हणाले. पण मामांनी साहेबाने भेट दिलेला तो फोटो पुढे केला, आणि गोळ्यांचा मनोरा बघून भागवत आचाऱ्यांमधला कलावंत जागा झाला. फ्रान्समध्ये क्रीम भरलेल्या पोकळ गोळ्या साखरेच्या पाकाने एकावर एक चिकटवतात. भागवतांनी फोटो लांब धरला, जवळ धरला आणि निकाल दिला, "ह्यात काय हाय, बुंदीचे लाडू बांधू बारके आन् गुळाच्या पक्क्या पाकात चिकटवू." मामांनी लगेच पत्रा कापून, वाकवून त्याचा साचा तयार केला. पहिला मनोरा कलला, दुसरा मुंग्यांनी नेला, तिसरा उभा राहिला. तो बघायला गावातून माणसं येऊ लागली.

बँडमास्टरला फक्त एवढंच सांगितलं होतं की जेवताना हळू वाजवायचं. त्यांच्या ढोलवाल्याला हळू वाजवणं जन्मात माहीत नव्हतं, तेव्हा ढोलाला गोधडी गुंडाळायचं ठरलं.

आता माणसं किती बोलवायची यावरून घरात ठिणगी पडली. मामांच्या मते फ्रेंच लग्नात निवडक मंडळी असतात. मामींनी गावाला चूलबंद आवतन देऊनही टाकलं होतं, म्हणजे त्या दिवशी गावात कोणी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी इकडेच जेवायचं. मामांनी कपाळाला हात लावला आणि अन्वरभाईंना फोन केला. टेबल वाढलं. ते रांग संपेपर्यंत गेलं, विहिरीला वळसा घालून पुढे गेलं, बांध ओलांडून शेजारच्या कांद्यात शिरलं. शेजाऱ्याची हरकत नव्हती, फक्त कांद्यातल्या टोकाला भागवतांनी वाढायला विसरू नये एवढंच त्याचं म्हणणं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन बागेत उतरलं होतं, झाडांना पेरू लागलेले, खाली ते सायीच्या रंगाचं टेबल, त्यावर तांब्यांमधून खोचलेली शेवंती. मी खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. अक्षता पडल्या. मामांनी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन प्रत्येकाला हाताला धरून बसवलं. भावकीतले पोरगे सवयीने बादल्या उचलायला निघाले तर त्यांनाही दटावलं, आज कोणी उभं राहायचं नाही, सगळ्यांनी एकत्र बसायचं. सायलीच्या एका अंगाला नवरदेव होता, दुसऱ्या अंगाला मग ते स्वतः आले, आपल्या पलीकडे मामींना बसवलं, उपरणं गळ्याशी खोचलं आणि चमचा हातात घेऊन समोर बघू लागले.

सगळं गाव समोर बघू लागलं. वाट्या रिकाम्या. गोधडीतला ढोल वाजत होता. जरा वेळाने कोणीतरी खाकरलं. आणि मग एकेकाच्या लक्षात यायला लागलं की आपल्याकडे अर्धी माणसं जेवतात ती उरलेली अर्धी वाढतात म्हणून. आज सगळीच बसली होती. भागवतांची माणसं कढयांपाशी अडकलेली, त्यांना हात रिकामा नव्हता. मामांनी इतकी वर्षं त्या फोटोतलं टेबल पाहिलं, कापड पाहिलं, मनोरा पाहिला, पण वाढतंय कोण हे काही त्यात दिसत नव्हतं.

मामांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. त्यांनी चमचा खाली ठेवला, उपरणं सोडलं आणि खुर्ची मागे सारली. त्यात कुरकुर नव्हती की राग नव्हता. मुलीच्या बापाला उठावंच लागतं हे त्यांना आतून माहीतच असावं, असे ते उठले. सायलीने त्यांची बाही धरली. ते तिला हळूच म्हणाले, "आलोच गं, एवढी आमटी फिरवतो." ती बाही सोडेना.

तेवढ्यात पेरूच्या झाडाआडून अन्वरभाई आले, हातात आमटीची बादली. त्यांनी मामांना खांद्याला धरून खाली दाबलं.

"खाली बसा, फिटरमामा. उठलात तर टेबलाची फळीच काढून नेईन. ह्या फळ्या तुमी पोरीजवळ बसावं म्हनून ठोकल्यात, वाढायला आमी हाय."

मामा बसले. अन्वरभाईंच्या पाठोपाठ त्यांची सगळी माणसं आली, मग बँडमास्टरने पिपाणी काखोटीला मारली आणि लाल कोटातला आख्खा बँड पळ्या घेऊन कामाला लागला. ढोलवाला कांद्यापर्यंत पळत गेला. मी जावई असून उठलो, हे बघून संगमनेरच्या व्याह्यांनाही बसवेना. मानपानाची आदल्या रात्रीपर्यंत काळजी करणारा तो माणूस फेटा सावरत मिठाची वाटी घेऊन निघाला. मामी तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि रडतही होत्या.

आणि मामा जेवले. आधी कटाची आमटी, मग भरलं वांगं, मग पुरणाचे मांडे, एकेक करून. सायली त्यांच्या वाटीत तूप ओतत होती, ते तिला लहानपणीच्या खोड्या सांगत होते आणि दोघं घास तोंडात असतानाच हसत होती. शेवटी मनोऱ्याची पाळी आली. एवढा देखणा प्रकार मोडायला कोणी धजेना. तेव्हा समोरच्या एका आजीबाईंनी सरळ तळातला लाडू ओढला, आणि सगळा मनोरा गडगडत टेबलभर पसरला. ज्याच्यापुढे जो आला तो त्याने उचलला. भागवत लांबून ओरडले, वाढायचं काम वाचलं.

उन्हं कलली तसे लोक उठायला लागले. अन्वरभाईंच्या माणसांनी कांद्याकडच्या टोकापासून टेबल सोडायला घेतलं. एकेक फळी निघत होती, बाग पुन्हा मोकळी दिसत होती, आणि मामा आणि सायली अजून बसलेलेच होते. रस्त्यावर सजवलेली गाडी येऊन थांबली होती, नवरदेव तिच्यापाशी उभा होता. फळ्या काढणारी माणसं त्यांच्यापर्यंत आली आणि अन्वरभाईंनी हातानेच त्यांना थांबवलं. बागेत तेवढी एक फळी आणि त्या दोन खुर्च्या राहिल्या. मामांनी पानातला शेवटचा लाडू अर्धा केला, अर्धा तिला भरवला. तिने तो हळूहळू खाल्ला. मग दोघं एकदमच उठली.

गाडी गेल्यावर मी अन्वरभाईंबरोबर टेम्पोत सामान चढवू लागलो. माझी लेक आता आठवीत आहे. तिच्या लग्नाला पुष्कळ अवकाश आहे, आणि करायचं की नाही हेही तिचं तीच ठरवेल. तरी मी अन्वरभाईंना सांगून ठेवलंय, त्या फळ्या तेवढ्या विकू नका.