आठ ओळींचा तक्ता
काल खंडेराव मार्केटमध्ये सुक्या जर्दाळूंचा वास आला आणि तो रविवार आठवला. तुमची आई तेव्हा किर्गिझस्तानात डॉक्टरी शिकत होती. तिथल्या रुग्णांशी बोलण्यासाठी तिला किर्गिझ भाषा शिकावी लागे, आणि तिचा धडा घेता यावा म्हणून मीही शिकत होते. 'माझा, तुझा, तुमचा, त्याचा' असा आठ ओळींचा तक्ता मी आखून फोनशेजारी लावला होता. "परीक्षा तुझी आहे की पोरीची?" असं तुमचे आजोबा चिडवायचे. त्या आठवड्यात तिला ताप होता आणि दोन दिवस ती फोन उचलत नव्हती. आमचं जेवण झाकून तसंच पडलं होतं. शेवटी फोन उचलला गेला, पण आवाज तिच्या घरमालकिणीचा होता. तक्ता समोर असूनही मला दिसेना. पहिल्या ओळीतलं तेवढं तोंडातून निघालं, "मेनिन किझिम, मेनिन किझिम." माझी मुलगी, माझी मुलगी. बाई भराभर काही बोलल्या आणि थांबल्या. पावलं वाजली, दार करकरलं. आजोबांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. मग त्या कुणाला तरी रागावू लागल्या आणि वाटीवर चमचा वाजला. मला एक शब्द कळला नाही, पण आजारी पोराला भरवतानाचं रागावणं मी ओळखलं. "आई, सूप संपेपर्यंत या मला उठू देत नाहीत," घोगरा आवाज आला. सुट्टीत ती त्याच बाईंनी दिलेले जर्दाळू घेऊन घरी आली. तक्ता अजून माझ्या वहीत आहे. खालच्या सात ओळींचं काम मात्र कधी पडलं नाही.