रंगाऱ्याच्या वाट्याचं घड्याळ

शेवटच्या दिवशीसुद्धा आप्पांचं तेच. पाण्याचा घोट गिळवत नव्हता, पण सकाळपासून लेकीच्या मागे टुमणं, "आधी ते घड्याळ दाखवून ये. काय किंमत येते ते मला कळू दे."

आजोबा गेले तेव्हा थोरल्या काकांनी वाटणीत दुकान घेतलं आणि आप्पांच्या हातात हे कपाटावरचं, टोले देणारं लाकडी घड्याळ ठेवलं. आप्पा रंगारी. जन्मभर लोकांच्या भिंतींवर चढले, स्वतःच्या चार भिंती काही झाल्या नाहीत. कोणी टोचलं की म्हणायचे, "दादानं दुकान नेलं, नेऊ दे. माझं घड्याळ परदेशी आहे. त्याच्या दुकानाला भारी पडेल."

लेक वैतागली. आजारी माणूस सोडून घड्याळ कुठं मिरवायचं? पण ऐकतील तर आप्पा कसले! शेजारणीला त्यांच्याजवळ बसवलं, घड्याळ चादरीत गुंडाळलं आणि बसनं जुन्या वस्तूंच्या दुकानात गेली.

दुकानदारानं भिंग लावलं, घड्याळाचं मागचं दार उघडलं आणि कपाळावर हात मारला. "बाई, हे रंगवलं कोणी?"

कोणी म्हणजे काय! काम संपलं की डब्यात उरलेला रंग आप्पा घड्याळाला लावायचे. दुकानदारानं कोपऱ्यात पातं फिरवलं तर हिरवा निघाला, तो दवाखान्याचा. त्याखाली गुलाबी, तो शाळेचा. तबकडीवर पांढरा ऑइल पेंट, आकडेसुद्धा आप्पांच्या हातचे. बनवणाऱ्याचं नाव त्याखाली गडप. आत पितळेवर शिक्का असतो म्हणे, तिथंही ब्रश पोचलेला.

"लाकूड अस्सल, यंत्र चांगलं. हात लावला नसता तर मीच मागून घेतलं असतं. आता कुणाचं म्हणून विकू?"

घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात नुसती आग. दारातूनच ओरडली, "आप्पा, वाटोळं केलंत! रंग फासून फासून नाव बुजवलंत!"

आप्पांनी डोळे उघडले. "रंग कुठं सुटलाय म्हणाला का?"

"नाही."

"मग!" म्हणाले आणि कुशीवर वळले. दिवे लागायच्या सुमाराला गेले. बापलेकीचं शेवटचं बोलणं काय, तर हे. ती अजून स्वतःवर चिडते आणि त्यांच्यावर तर जास्तच.

चौथ्या दिवशी थोरले काका आले. बसले, डोळे पुसले, मग हळूच, "अगं, ते घड्याळ दाखवायला नेलं होतंस म्हणे. काय निघालं?"

ती म्हणाली, "भारी निघालं. तुमच्या दुकानाहून भारी."

काका सरसावून बसले. "मग त्यात माझाही अर्धा वाटा आला की. वडिलांचं आहे ते."

"आला ना! तुम्ही दुकानाचं अर्धं शटर काढून आणा, तोवर मी करवत बघते."

काका उठले आणि चपला शोधायला लागले. चपला समोरच होत्या, पण त्यांना काही दिसेनात. शेवटी तिनंच पायानं पुढं सरकवल्या.