यादी माझ्याकडं उघडत होती

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत मी हिंगोलीच्या एका नर्सिंग कॉलेजात तात्पुरता कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. कॉलेजची वेबसाइट मी एकट्यानं केली होती आणि त्याचा मला भारी माज होता. प्रवेशाची यादी भिंतीवर न लावता वेबसाइटवरच टाकायची, ही अक्कलही माझीच. खेड्यातल्या पोरींना एसटीचे हेलपाटे कशाला, असं प्राचार्यांना पटवलं होतं.

यादीत माझ्या धाकट्या बहिणीचं नाव सातवं होतं. आमच्या गावी, पुसेगावला, शेजारी फोन होता, एक फोन पुरला असता. पण तिनं ते नाव जवळच्या सेनगावच्या इंटरनेट कॅफेत, भावानं केलेल्या पानावर, स्वतःच्या डोळ्यांनी बघावं अशी मला हौस. "यादी तिथंच दिसंल, मला इचारू नको," असं तिला आधीच बजावून ठेवलं होतं.

यादी टाकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दोघं-तिघं पालक आले. यादी उघडत नाही म्हणाले. मी माझ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवली. "हे बघा, बराबर दिसून राहिली. तुमच्या कॅफेचं नेट खराब हाय." एका म्हाताऱ्याला त्याच्या नातीचं नाव वाचून दाखवलं, तेही उपकार केल्यासारखं.

शनिवारी प्रवेश घ्यायची मुदत संपली, बहीण आली नाही. रविवारी गावी गेलो तर ती शेतात खुरपत होती.

"काहून आली न्हाईस?"

"नंबरच न्हाई लागला, दादा. कॅफेवाला म्हणला, काईच निघत न्हाई."

आधी कॅफेत काय दिसतं ते बघू, मग तिला नावाचं सांगू, असं ठरवून सोमवारी सकाळी सेनगावला गेलो, त्याच कॅफेत बसलो. यादीवर क्लिक केलं, पान कोरं. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. यादीची फाईल मी दूरच्या सर्व्हरवर चढवली होती, पण क्लिक केल्यावर ती कुठं शोधायची तो पत्ता माझ्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हचा राहिला होता. साऱ्या जगात ती यादी एकाच कॉम्प्युटरवर उघडत होती आणि त्याच्यासमोर मी शहाणा बसलो होतो.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. पण कॉलेजात पोचेपर्यंत बहिणीची जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला देऊन झाली होती. प्राचार्यांनी जाब विचारला तेव्हा मी सगळं सर्व्हरवर ढकललं. त्यांना ते कळत नव्हतं, म्हणून पटलं. पुढच्या वर्षी मला कायम केलं.

बहिणीला मी काहीच सांगितलं नाही. आधी हिंमत झाली नाही, मग तिचं लग्न झालं, मग सांगून काय उपयोग असं मीच ठरवून टाकलं. स्वतःची किळस येते, पण तोंड उघडत नाही.

आता तिची मुलगी बारावीला आहे. परवा जेवताना बहीण तिला माझ्यादेखत म्हणाली, "फॉर्म मामाला इचारून भर, मामा हुशार हाय. अन् अभ्यास कर. मला मार्क कमी पडले म्हणून मी अशी ऱ्हायले." मग माझ्याकडं वळून विचारलं, "व्हय ना, दादा?"

मी व्हय म्हणालो.