दोनदा नोंदलेली सात माणसं

मृत्यूनोंदणी कार्यालयात त्यांना सगळे 'खोदकाम काकू' म्हणत. डॉक्टरांनी मरणाचं कारण 'म्हातारपण' असं लिहून पाठवलं की काकूंनी फोन फिरवलाच म्हणून समजा. "म्हातारपणानं कुणी मरत नाही, डॉक्टर. शेवटी आजोबा माणसं ओळखत होते का, ते सांगा." डॉक्टर वैतागायचे, पण खरं काय ते सांगायचे, आणि काकू रजिस्टरात लिहायच्या, अल्झायमर. त्यांची आई पोटच्या लेकीलाच 'तुम्ही कोण?' विचारत गेली, आणि तिच्या कागदावर 'म्हातारपण' आलं. त्याचा राग बावीस वर्षं टिकला होता. भीतीही टिकली होती. चष्मा जागेवर दिसला नाही, तरी काकूंच्या छातीत धस्स व्हायचं.

यंदा अल्झायमरनं झालेल्या मृत्यूंचा नकाशा छापून आला. नदीअलीकडचा त्यांचा जिल्हा गडद, पलीकडचा पांढराफटक. इथे या आजारानं तिप्पट माणसं गेलेली. लोकांची पाचावर धारण बसली. कुणी पाणी उकळून पिऊ लागलं, कुणी घर विकायची भाषा करू लागलं. काकूंना हसू आलं. पलीकडे डॉक्टरांना फोन करतं कोण?

तपासणीला आलेल्या साहेबांना त्यांनी हेच ठणकावून सांगितलं.

"पटतंय मला," साहेब म्हणाले. "फक्त या सात नोंदी बघा. दोनदा झाल्यात."

तीच नावं, त्याच तारखा, दोन्हीकडे अक्षर काकूंचंच. कडेला 'डॉक्टरांशी बोलले' हेही दोनदा. सगळ्या नोंदी गेल्या तीन महिन्यांतल्या. काकूंना एकही आठवेना. आईचंही असंच सुरू झालं होतं. भाजीत दोनदा मीठ पडायचं आणि घरातले सगळे तिला हसायचे.

"सात वजा केले तरी तुमचंच म्हणणं खरं ठरतंय," साहेब समजुतीनं म्हणाले. काकूंनी मान डोलावली. ऐकलं मात्र काहीच नाही.

संध्याकाळी कपाट लावताना त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्ट बाईंचा हात घट्ट धरला. दोघी वीस वर्षं एकत्र डबा खात आलेल्या.

"मला फार भीती वाटतेय गं. माझा कागद येईल ना, तेव्हा 'म्हातारपण' चालवून घेऊ नकोस. फोन कर डॉक्टरांना."

टायपिस्ट बाईंनी हात सोडवला नाही. म्हणाल्या, "करीन. दुपारी डबा खाताना हीच शपथ घातलीस ना मला."