डाव्या बाजूचा खिळा

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. चौदा वर्षांपूर्वी माझी मोठी बहीण माझ्या मोटारसायकलवरून पडली. तिला डुलकी लागली म्हणून ती पडली, असं सगळे म्हणतात. ते खोटं आहे. मागच्या डाव्या फुटरेस्टमध्ये पिनच्या जागी मी खिळा घातला होता. तो तुटला, म्हणून ती पडली.

लिहून झाल्यावर पाहिलं तर एवढ्याशा ओळी. इतकी वर्षं मी काय धरून बसलो होतो, असं वाटलं.

फुटरेस्ट म्हणजे मागे बसणाऱ्यानं पाय ठेवायची लोखंडी दांडी, वरून रबर चढवलेली. ती दुमडते, आणि ज्या पिनवर दुमडते ती पिन करंगळीएवढीही नसते. एक दिवस ती पिन कुठेतरी गळून पडली आणि फुटरेस्ट अंगणात माझ्या हातात आला. बालाघाटच्या बाजारातून पिन आणायला दहा मिनिटं लागली असती. मी दाराच्या चौकटीतला कॅलेंडरचा खिळा उपसला, भोकात घातला आणि खालून हातोडीनं वाकवला. पाय देऊन पाहिला. थोडा हलत होता. पण मी पुढे बसणारा माणूस. मागे काय हलतं ते पुढच्याला कळत नाही, आणि कळून घ्यावं असंही त्याला वाटत नाही.

मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. बाई मलाजखंडला दिलेली, भाऊजी तिकडे खाणीच्या कामावर. तिला माहेरी आणायला मी गेलो होतो. तिच्या नणंदेचं लग्न नुकतंच उरकलेलं, घर पाहुण्यांनी भरलेलं, दोन दिवस तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. आमच्याकडच्या बाया गाडीवर एका बाजूला बसतात, डावीकडे पाय सोडून. म्हणजे बाईचा सगळा भार त्या एका डाव्या फुटरेस्टवर. निघतानाच ती म्हणाली, "बापू, हे पायाखाली हालून राह्यलं रे."

मी म्हणालो, दुमडायचंच असतं ते, हलणार नाही तर काय. बैहरला चहाला थांबलो तेव्हा तिनं पुन्हा सांगितलं. मी वाकूनसुद्धा पाहिलं नाही. उलट तिची चेष्टा केली, की नणंदेच्या लग्नातले लाडू आता गाडीला जड होऊन राह्यले. ती हसली आणि बसली.

घाट उतरताना एका वळणावर खड्डा आला. 'टक' असा आवाज झाला आणि गाडी हलकी झाली. ते हलकेपण मला अजून पाठीत जाणवतं.

वळून पाहिलं तर बाई रस्त्याच्या कडेला बसलेली. भुवईतून रक्त येत होतं. डावा हात तिनं मांडीवर धरला होता, आणि तो मनगटापाशी हातासारखा दिसत नव्हता. मी आधी तिच्याकडे गेलो नाही. हे लिहिणं सगळ्यात कठीण जातंय. आधी मी रस्त्यावरचा फुटरेस्ट उचलला. त्यात अर्धा खिळा अडकलेला होता. तो खिशात घातला, आणि मग तिच्याकडे गेलो.

तेवढ्यात एक जीप थांबली. जीपवाल्यानं काय झालं म्हणून विचारलं. बाईनं तोंड उघडायच्या आत मी बोललो, "डुलकी लागली हिले."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मग जीपवाल्याला म्हणाली, "हौ, लागली असंन. दोन दिसाची जागलती मी."

ती मला पाठीशी घालत नव्हती. तिला खरंच तसं वाटलं. भावानं म्हटलं म्हणजे तसंच झालं असणार. निघताना आणि बैहरला, दोनदा तिनंच सांगितलेलं तिला आठवलं नाही; माझं एक वाक्य तिला पुरलं.

घरी आल्यावर मी त्या खोट्याला हातपाय लावले. मी हाका मारत होतो आणि ती नुसती हूं हूं करत होती, असं सांगितलं. तिचं डोकं माझ्या पाठीवर आपटत होतं, असंही सांगितलं. सगळ्यांना पटलं. हात दीड महिना प्लॅस्टरमध्ये होता, पण मनगट वाकडं जुळलं. तेव्हापासून तिचा डावा तळवा पुरता वर होत नाही. म्हणजे तिला ओंजळ करता येत नाही. हापशीवर ती एका हातानं पाणी पिते. विहारात वंदनेनंतर खीर वाटतात तेव्हा बाकीचे दोन्ही हात पुढे करतात, ही एकच करते. एकदा एका नवख्या पोरीनं तिला टोकलं, की आजी, दोन्ही हातानं घ्या न. बाई म्हणाली, माझा दुसरा हात झोपाळू आहे.

गाडीवर बसायचं मात्र तिनं सोडलं नाही. भाऊजी गेल्यावर ती बैहरला मुलाकडे राहायला आली, आणि महिन्यातून एकदा डोळे दाखवायला बालाघाटला येते. तिला आणायला-पोचवायला मी जातो. बसली की ती आपल्या पिशवीतून एक जुना दुपट्टा काढते, स्वतःच्या कमरेभोवती घेते आणि माझ्या पोटावर त्याची गाठ मारते. झोपेत पडू नये म्हणून. भाच्याला यात फार गंमत वाटते. "मामा, पार्सल पक्कं बांधलं न? मांगच्या वेळेसारखं सांडू नका," असं तो प्रत्येक वेळी म्हणतो. बाई त्याला म्हणते की मेल्या, तुझी माय आहे मी. आणि सगळ्यांबरोबर हसते. हसणाऱ्यांत मीही असतो.

पडल्यानंतर लगेच मी त्यात बाजारातली पिन घातली होती. गेल्या महिन्यात तो डावा फुटरेस्ट परत खाली लोंबायला लागला. गाडी तीच आहे, मीही तोच. या वेळी मात्र बैहर रस्त्यावरच्या एका टिनाच्या शेडमध्ये नेली. मिस्तरी माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. त्यानं फुटरेस्टकडे पाहिलंसुद्धा नाही. सांध्यावर अंगठा ठेवला, दुसऱ्या हातानं गाडी हलवली आणि डोळे मिटून घेतले, नाडी पाहतात तसे. मग पिन ठोकून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मधोमध झिजून तिची कंबर झाली होती. भोकही गोल राहिलं नव्हतं, चिंचोक्यासारखं लांबट झालं होतं. त्यानं त्यात करंगळी फिरवली आणि विचारलं, "यात कधी खिळा टाकलता काय?"

मी म्हणालो, कोण जाणे, एखाद्या जुन्या मिस्तरीनं टाकला असेल.

"मिस्तरी खिळा टाकत नाई, दादा. खिळा घरचा मानूस टाकते." आवाजात टोमणा नव्हता. त्यानं मला ते भोक दाखवलं. पिन सगळीकडून सारखं खाते, खिळा एका अंगाला खातो, असं म्हणाला. आतल्या कडेला खरंच एक चरा होता, नखानं ओढल्यासारखा. चौदा वर्षं मी ते कोणाला कळू दिलं नव्हतं. माझ्या मांडीपासून वीतभर अंतरावर, रोज माझ्यासोबत ऑफिसला येत-जात, लोखंडानं ते जसंच्या तसं सांभाळून ठेवलं होतं. आणि एका अनोळखी माणसाच्या करंगळीनं ते वाचलं होतं.

मग तो म्हणाला, दुरुस्तीच्या आधी तुम्ही एकदा मागे बसा. पिन तात्पुरती लावून त्यानं गाडी सुरू केली आणि म्हणाला, बाईमाणसासारखं बसा, डावीकडे पाय सोडून. मला लाज वाटली, पण बसलो. माझ्याच गाडीवर मागे बसायची माझी ती पहिली वेळ. नाक्यापासून पुलापर्यंत जायचं होतं, फार तर अर्धा किलोमीटर. पायाखालचं ते लोखंड प्रत्येक खड्ड्याला सरकायचं. पुढे फक्त एक पाठ. पुढच्याला काय दिसतं ते आपल्याला दिसत नाही, तो कधी ब्रेक मारेल ते माहीत नाही. हातात धरायला काही नाही, आणि पाय ठेवलाय तेच हलतंय. तरी माणूस बसून राहतो. पुढच्या पाठीवर भरवसा ठेवून बसून राहतो. मलाजखंडपासून त्या वळणापर्यंत बाई अशी बसली होती. दोनदा सांगून, हसून, परत बसली होती. मला पुलापर्यंत जाववेना; मध्येच गाडी वळवायला सांगितली.

परत आल्यावर त्यानं ते लांबट भोक वेल्डिंगनं भरलं, कानशीनं घासून सपाट केलं आणि मधोमध नवीन भोक पाडलं. नवी पिन घातली, तिला वायसरची चकती दिली, खालून काटर पिन ओवून तिचे दोन पाय उलट्या बाजूंना फाकवले. मग गाडी मेन स्टँडवर लावली आणि तो त्या एका फुटरेस्टवर एका पायानं उभा राहिला. सीटचा आधार सोडला, दोन्ही हात सोडले. शेडच्या टिनाला त्याचं डोकं लागत होतं. काहीच हललं नाही. करंगळीएवढ्या पिनेवर एक अख्खा माणूस उभा होता आणि कणभर आवाज नव्हता. मी पाहतच राहिलो. त्यानं खाली उतरून एवढंच विचारलं, "मांगं कोन बसते?"

"मोठी बहीण," मी म्हणालो.

"मंग आता त्यायले सांगा, बिनधास्त बसा म्हना."

पुढच्या खेपेला बाई निघाली तेव्हा मी तिला म्हणालो, दुपट्टा राहू दे आज, फुटरेस्ट एकदम पक्का केला आहे.

तिनं गाठ मारता मारताच उत्तर दिलं, "फुटरेस्टचं काय घेऊन बसला बापू. झोपेले फुटरेस्ट काय करल?"

मी गाडी सुरू केली. घाट लागला की बाई मोहाची झाडं मोजायला लागते. मोठ्यानं, एक-दोन करत. पडली त्याच्या पुढच्या खेपेपासून तिनं हे सुरू केलं. आवाज चालू असला म्हणजे आपण जागे आहोत हे पुढच्याला कळतं, असा तिचा हिशेब. आधी मला तो आवाज सहन होत नसे. त्या दिवशी पहिल्यांदा मी ऐकलं. ती नुसती मोजत नाही. बावीस नंबरच्या मोहाला औंदा फूल उशिरा आलं. तेविसाव्याच्या बुंध्याला वीज लागली होती, तरी त्यानं नवी फांदी काढली. इथं दोन मोहांचा जुडवा होता, त्यातला एक पडला, तरी पुढच्या झाडांचे आकडे तिनं तेच ठेवले आहेत, पडलेल्याची जागा राखून. जंगलखात्याच्या माणसालाही हा घाट इतका पाठ नसेल. माझ्या एका खोट्याच्या बदल्यात या बाईनं आख्खं जंगल डोक्यात उभं केलं होतं, झाडागणिक, आणि ते सगळं फक्त न झोपण्यासाठी.

मग ते वळण आलं. तिथं आली की ती मोजणं थांबवते आणि दर वेळी तेच म्हणते. त्या दिवशीही म्हणाली, "इथं मी झोपलती. बोलत राय बापू."

मी बोललो. भाच्याच्या नोकरीबद्दल बोललो, तिच्या चष्म्याबद्दल बोललो. खिळ्याबद्दल बोललो नाही. बैहरला तिनं माझ्या पोटावरची गाठ सोडली, दुपट्टा घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, आज पायाखाली काही हललं नाही बघ, छान केलंस.

तो अर्धा खिळा अजून माझ्या कपाटात आहे. बाई, तू त्या दिवशी जागी होतीस. झोपेचं मी रचलं. हे एवढं मला तिला तोंडानं सांगायचं आहे, आणि भाच्यासकट ज्या ज्या लोकांसमोर ती हसली त्या सगळ्यांसमोर सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही. तेवढं देणं माझ्याकडे बाकी आहे.