अक्काचा सुटा उंबरठा

नितीनचा फोन आला तेव्हा मी अक्काच्या डब्यात मेथीची भाजी भरत होतो. फोन उचलला आणि सवयीप्रमाणे समोरच्याला तोंड उघडू न देता सुरू झालो, "अक्काला सांग, आज मीठ बरोबर पडलंय, नावं ठेवायची नाहीत. भाकरी गरम आहेत, पुढच्या बसनं निघालोच." तो नुसता "मामा... मामा, ऐक ना" म्हणत राहिला. मी आपला पार ताकापर्यंत पोचलो. शेवटी तो म्हणाला, "मामा, आई गेली." मी झाकण लावलं आणि डबा घेऊनच निघालो. बसमध्ये मांडीला डबा गरम लागत होता... तेव्हा कुठं डोक्यात शिरलं, की हा आता ती उघडणार नाही.

त्याला महिना होत आला. मी बोलतोय आणि भाचेसून मृणाल टाइप करतेय, कारण माझी शाळा सहावीत संपली आणि त्या दिवशी मास्तरांनी पेढे वाटले म्हणतात.

अक्का माझी थोरली बहीण. दाजींना रॉटरडॅमच्या बंदरात नोकरी लागली, त्यांच्यामागे ती आली आणि तिच्यामागे मी, एका हॉटेलात भांडी घासायला. पुढं तव्यापर्यंत बढती मिळाली, ती काही हुशारीवर नाही, आधीचा आचारी पळून गेला म्हणून. अक्का लग्नानंतर सासूच्या घरात राहिली, मग भाड्याच्या फ्लॅटात, आणि दाजी गेल्यावर इथं आल्मेरेला लेकाच्या घरात, वरच्या खोलीत. मीही मागोमाग याच गावातलं हॉटेल धरलं. नितीन-मृणालनं काही कमी केलं नाही. पण मला म्हणायची, "बाळ्या, एकदा माझ्या स्वतःच्या दारात उभं राहून कुणाला तरी 'या' म्हणायचंय बघ." मग गुडघे गेले, हृदयाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी जिना बंद केला आणि ती हॉलमधल्या सोफ्यावर आली. तक्रार नाही केली. पण सोफ्यावर झोपणाऱ्या माणसाला घर झोपेपर्यंत बसूनच राहावं लागतं.

नितीननं शोधून काढलं, की आजारी माणसासाठी मागच्या बागेत छोटं घर ठेवता येतं. इथल्या नगरपालिकेकडं, खेमेंटे म्हणतात तिला, आधीच मंजूर झालेले नकाशे होते. त्यातला एक निवडायचा, तसाच्या तसा द्यायचा, परवानगी लवकर मिळते. माणसाची गरज संपली की घर उचलून न्यायचं. अक्कानं खिडकीशी ओटा असलेला नकाशा पसंत केला. मग दारावर बोट ठेवून म्हणाली, "याला उंबरठा कुठाय?"

"आई, नसतो. व्हीलचेअर अडते."

"मग हळदीकुंकू कुठं वाहू, कुंडीला? बिनउंबरठ्याचं घर म्हणजे गॅरेज."

इथं माझी अक्कल मदतीला धावली. नितीन फोनवर मीटिंगमध्ये होता, तेवढ्यात मी बॉलपेननं त्या नकाशाच्या दारात एक झकास जाड पट्टी ओढली. आयुष्यात पहिल्यांदा माझी रेघ सरळ आली. नितीननं घाईत तोच कागद स्कॅन करून पाठवून दिला. काही आठवड्यांनी उत्तर आलं, की नकाशात बदल आहे, त्यामुळं हा मंजूर नकाशा नाही, आता सगळी तपासणी पहिल्यापासून. म्हणजे घर हिवाळ्याच्या पलीकडं.

नितीन माझ्याकडं नुसता बघत बसला. मी टेबलाखाली जायच्या बेतात होतो. अक्का म्हणाली, "त्याला काय बघतोस, त्याला कुणी पेन दिलं ते बघ." मग हळूच म्हणाली, "बिनउंबरठ्याचाच दे पाठवून. हिवाळ्यापलीकडं थांबायला मला जमायचं नाही रे." नितीननं तिथंच लॅपटॉप उघडला.

पानं गळायच्या आत घर आलं, क्रेननं कुंपणावरून. मी हॉटेलातल्या कांद्याच्या पॅलेटची एक फळी काढली, घासली, तेल लावलं आणि दारात बसवायला गेलो, तर दोन बोटं आखूड. अक्का म्हणाली, "तुझं माप तुझ्या शाळेसारखं, मधेच संपलं. असू दे, मुंग्यांना वाट." रोज सकाळी फळी दारात मांडायची, स्टुलावर बसून हळदीकुंकू वाहायचं, बाहेरच्या फरशीवर रांगोळीची चार बोटं ओढायची. अक्काला तपासायला रोज सकाळी एक नर्सबाई यायची, ती वैतागली, पाय अडकेल म्हणाली. मग तह झाला, पूजा झाली की अक्का स्टुलावरून उठायच्या आधी फळी भिंतीला. पुढं पुढं तर नर्सबाईच फळी उचलायची, दोन्ही हातांनी, देवाचं काही उचलावं तशी.

तह झाला त्याच दिवशी मी त्या घरात पहिला डबा घेऊन गेलो, तर अक्का रोलेटर, तो चाकांचा वॉकर, धरून दारात उभी. नवी साडी, आणि फळी तह मोडून तिच्यापुढं तशीच. माझ्याकडं बघून म्हणाली, "या." मला. जन्मभर "बाळ्या, मर इकडं" म्हणणारी बाई. मी इतका गडबडलो की फळीला अडकून आमटीसकट आत पडलो. नर्सबाई ज्याला घाबरत होती ते झालं, फक्त माणूस चुकला. अक्का हसून हसून स्टुलावर बसली. त्यानंतर तिला त्या घरात एक हिवाळा मिळाला आणि थोडा उन्हाळा.

आता पुढच्या आठवड्यात क्रेन येणार. काल आम्ही सामान काढलं. फळी भिंतीला टेकवलेली होती, हळद तिच्या रेषांत पार मुरलेली. ती मी नेणार आहे, आमच्या दाराला तरी पुरते का बघू. आत शिरताना माझा पाय आपोआप उचलला गेला. दारात काही नव्हतं. म्हटलं, बाळ्या, तू तो वेडाच. तेवढ्यात मागून नितीन, एवढा शिकलेला इंजिनिअर, भांड्यांचं खोकं घेऊन बाहेर पडला... आणि त्या मोकळ्या दारात त्यानंही पाय उचलला.